हुर्यो, घरच्या संघाची (फुटबॉल)

हुर्यो, घरच्या संघाची : फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षकांनी आपल्याच संघाचा, खेळाडूचा, प्रशिक्षकाचा किंवा मालकाचा आवाजाने केलेला जाहीर निषेध. इंग्लंडमध्ये तो लांबवलेल्या ‘बू’ने होतो, स्पेन, इटली, फ्रान्स, जर्मनीत शिट्ट्यांनी. समोरच्या संघाची हुर्यो उडवणे हा खेळाचा रोजचा भाग आहे, ती कोणी मनावर घेत नाही. घरचा आहेर मात्र झोंबतो. तो देणाऱ्याने बहुधा हंगामभराचे तिकीट आगाऊ काढलेले असते आणि पुढच्या सामन्याला तो त्याच खुर्चीत बसणार असतो.

वेळ आणि अर्थ : हुर्योचा अर्थ ती कितव्या मिनिटाला उडाली यावर ठरतो. मध्यंतराची हुर्यो म्हणजे समज. पंचांची शिट्टी वाजल्यापासून खेळाडू मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्यात शिरेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात ती उरकते आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला तेच लोक टाळ्या वाजवून संघाचे स्वागत करतात. सामना संपल्यावरची हुर्यो हा निकालावरचा शेरा. खेळ चालू असतानाची हुर्यो सर्वांत घातक, त्यातही एकट्या खेळाडूवर रोखलेली : चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्ट्या सुरू, पायातून सुटला की बंद. अशा वेळी खेळाडू चेंडू मागायचेच टाळतो, प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा राहतो, मिळालाच तर शेजारच्याला देऊन मोकळा होतो. म्हणजे ज्या भित्र्या खेळाबद्दल लोक चिडले, तोच खेळ हुर्योमुळे वाढतो.

हुर्यो एकदम फुटत नाही. बचावपटू चेंडू पुढे सरकवायचा सोडून आपसात फिरवतात आणि शेवटी गोलरक्षकाकडे परत देतात. पहिल्यांदा नुसता उसासा ऐकू येतो. दोन-तीनदा तेच झाले की ‘पुढे खेळा’ अशा सुट्या आरोळ्या येतात. मग मैदान क्षणभर गप्प होते, आणि पुढचा चेंडू मागे गेला की सगळे एकदम सुटतात. अनुभवी गोलरक्षक त्या शांततेतच ओळखतो आणि पुढचा चेंडू लांब भिरकावतो.

हुर्योहून बोचरा प्रकार म्हणजे उपरोधिक जल्लोष. चुका करणाऱ्या गोलरक्षकाने एखादा घरंगळत आलेला चेंडू उचलला की गोल झाल्यासारखी आरोळी उठते. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंतेच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात जर्मनीने २९ मिनिटांत पाच गोल केले. त्यानंतर ब्राझीलचे प्रेक्षक जर्मनीच्या पासांवर ‘ओले’ म्हणू लागले आणि शुर्लेच्या सातव्या गोलला त्यांनी टाळ्या दिल्या. ब्राझीलचा आघाडीपटू फ्रेड मात्र पडद्यावर दिसला तरी शिट्ट्या पडत होत्या.

आवाजाचे गणित : ओरडणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली की आवाजाची पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते, दहापट झाली की १० डेसिबलने, आणि १० डेसिबलची वाढ कानाला जेमतेम दुप्पट भासते. म्हणून साठ हजारांच्या मैदानात सहा हजारांनी हुर्यो उडवली तरी ती साऱ्या मैदानाच्या हुर्योच्या निम्म्याइतकी मोठी वाटते. ‘अख्खे स्टेडियम उलटले’ हे वाक्य त्यामुळे जपून वाचावे. दूरचित्रवाणीवर तर आणखी जपून, कारण मैदानाच्या कडेला लावलेल्या मायक्रोफोनपैकी कोणता किती उघडायचा हे ध्वनिमिश्रकाच्या हातात असते.

शिट्टी आणि ‘बू’ यांतही फरक आहे. ‘बू’ खालच्या पट्टीतला, छातीतून येणारा स्वर. तो भरायला माणसे लागतात. तोंडात बोटे घालून मारलेल्या शिट्टीची तीक्ष्णता कान ज्या पट्टीला सर्वाधिक संवेदनशील असतो तिच्या आसपास पडते. त्यामुळे काहीशे शिट्टीबहाद्दर हजारोंच्या गाण्यावर ओरखडा काढू शकतात.

गाण्यापेक्षा हुर्यो झपाट्याने का पसरते, याचे कारणही ध्वनीत आहे. मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. एका गोलमागचा स्वर दुसऱ्या गोलमागे पोहोचायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या टाळ्यांमध्ये दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते, म्हणजे समोरच्यांचा ताल अर्ध्या मात्रेहून अधिक चुकतो. म्हणूनच साऱ्या मैदानाला एकत्र गाणे जमत नाही. ढोल आणि भोंगा घेतलेला म्होरक्या लागतो. हुर्योला ताल नाही, शब्द नाहीत, म्होरक्या नको. शिवाय ती कोणाच्या तोंडून निघाली हे शेजाऱ्यालाही धड कळत नाही.

मैदानाची घडण : वातावरण निम्मे बांधकामात असते. चढे स्टँड, खाली झुकलेले छप्पर आणि बंद कोपरे असले की आवाज परत मैदानावर आदळतो. धावपट्टी मध्ये आली की प्रेक्षक लांब जातात आणि आवाज वर उडून जातो. रोमचे ऑलिम्पिक स्टेडियम आणि कोलकात्याचे सॉल्ट लेक ही याची उदाहरणे. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक उभे राहतात. ओरडायला उभे असणे फार उपयोगी, कारण बसलेल्या माणसाचा श्वास आखडतो. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो मैदानातील चेंगराचेंगरीनंतर चौकशीच्या टेलर अहवालानुसार वरच्या दोन विभागांत सगळ्या जागा खुर्च्यांच्या झाल्या. मैदाने सुरक्षित झाली, पण गाणारे लोक विखुरले. आर्सेनल क्लबच्या जुन्या हायबरी मैदानाला तर प्रतिस्पर्धी ‘ग्रंथालय’ म्हणून चिडवत. जानेवारी २०२२ पासून इंग्लंडमध्ये काही मैदानांत कठडे लावून उभे राहण्याची परवानगी पुन्हा मिळाली आहे.

एकाच मैदानात दोन न्यायालये असतात हेही ध्यानात घ्यावे. गोलमागचे कट्टर पाठीराखे नव्वद मिनिटे गातात आणि हिशोब शेवटी मागतात. बाजूच्या महागड्या खुर्च्यांमधले प्रेक्षक जागच्या जागी निकाल देतात. पुष्कळदा एकीकडून शिट्ट्या येत असताना दुसरीकडचे लोक मुद्दाम त्याच खेळाडूचे नाव पुकारतात.

देशोदेशीच्या रीती : स्पेनमध्ये शिट्ट्यांच्या जोडीला पांढरे रुमाल फडकतात. ही रीत बैलझुंजीच्या रिंगणातली. तिथे मात्र रुमाल कौतुकाचा : झुंजणाऱ्याला बैलाचा कान बक्षीस द्या, अशी ती मागणी. फुटबॉलमध्ये तोच रुमाल अध्यक्षांच्या कक्षाकडे तोंड करून हलवला की अर्थ उलटतो. रेआल माद्रिद क्लबचे बेर्नाबेऊ मैदान याबाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. तिथे घरच्याच कासियास आणि बेल यांना शिट्ट्या ऐकाव्या लागल्या, आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजी ३–० ने हरवून जाणाऱ्या बार्सिलोनाच्या रोनाल्डिनोला उभे राहून टाळ्या मिळाल्या. चांगल्या खेळाला दाद आणि आळसाला शिट्टी, हा त्या मैदानाचा जुना मोजमापाचा काटा.

इटलीत कडव्या समर्थकांचा हक्क कधी हाताबाहेर जातो. २२ एप्रिल २०१२ रोजी सिएनाविरुद्ध ०–४ असे पिछाडीवर पडल्यावर जेनोआच्या समर्थकांनी सामना सुमारे पाऊण तास रोखला आणि ‘तुम्ही या जर्सीच्या लायकीचे नाही’ म्हणत खेळाडूंना जर्सी उतरवायला लावल्या. स्कुल्ली या खेळाडूने जर्सी काढायचे नाकारले आणि समजूत घालून खेळ पुन्हा सुरू करवला. याला हुर्यो म्हणता येत नाही, ही दमदाटी. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यात वस्तू फेकणे, मैदानात घुसणे, वांशिक घोषणा देणे हे गुन्हे आहेत. नुसती ‘बू’ गुन्हा नाही.

गाजलेले प्रसंग : ६ डिसेंबर २००८ रोजी आर्सेनलचा एबुए विगनविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आला. दुखापतीतून नुकताच उठलेला, त्यात सवयीच्या नसलेल्या जागी उभा केलेला. चुकांवर चुका होत गेल्या, हुर्यो वाढत गेली आणि शेवटी त्यालाच बदलावे लागले. आर्सेनल तो सामना १–० ने जिंकले होते! २७ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच मैदानावर कर्णधार शाका २–२ अशा स्थितीत बदलला गेला. तो संथ पावलांनी निघाला, हुर्यो झाली; त्याने कानामागे हात धरून ‘अजून मोठ्याने’ असे खुणावले आणि जर्सी काढली. दहा दिवसांच्या आतच कर्णधारपद गेले. खेळाडूने उलट उत्तर दिले की प्रकरण चिघळते, हा या प्रसंगातला धडा क्लबांनी चांगलाच पाठ केला आहे. पुढे तोच शाका त्याच मैदानाचा लाडका झाला.

तारेही यातून सुटत नाहीत. मार्च २०२२ मध्ये रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगमध्ये हरल्यानंतर चार दिवसांनी पॅरिस सें-जर्मेन क्लबच्या मैदानात बोर्दोविरुद्ध त्याच क्लबच्या मेस्सी आणि नेमार यांच्या प्रत्येक स्पर्शाला शिट्ट्या पडल्या. पॅरिसने ३–० ने विजय मिळवला आणि नेमारने गोल केला, तरीही.

मालकांविरुद्ध : राग मालकावर असेल तर ‘बू’ कामाची नाही, ती खेळाडूंच्याच अंगावर पडते. म्हणून वेगळी हत्यारे वापरतात. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून गेले. तेव्हा २–० ने पुढे असलेला संघ २–२ वर अडकला; चार दिवसांत मालकांनी दर मागे घेतले. जर्मनीत २०१२ च्या अखेरीस नव्या सुरक्षानियमांच्या निषेधार्थ समर्थक सामन्यागणिक पहिली १२ मिनिटे १२ सेकंद गप्प राहिले. ऐंशी हजारांच्या मैदानात प्रशिक्षकाचा आवाज आणि चेंडूचा ठोका स्पष्ट ऐकू येणे यासारखी अंगावर येणारी गोष्ट नाही.

पंचांवरचा परिणाम : गोंगाटाचा खरा फायदा पंचांमार्फत मिळतो, असे दिसते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्याच्या चित्रफिती दाखवल्या. ज्यांना प्रेक्षकांचा आवाज ऐकवला त्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. करोनाकाळात रिकाम्या मैदानांत पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डे कमी झाली, तेही याला धरूनच आहे. घरच्या संघावर उलटलेले मैदान हा फायदा आपल्या हाताने घालवते.

भारतात : कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ खेळतात. संघ पेठेचा असल्याने राग बहुधा समोरच्या पेठेवर निघतो; घरच्या खेळाडूला ऐकवायचे ते कट्ट्यावर. राष्ट्रीय संघाची अडचण निराळीच होती. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५–० ने हरवले, तेव्हा हजर होते अवघे २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून विनंती केली : आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. तो छेत्रीचा शंभरावा सामना होता. मुसळधार पावसात भारत ३–० ने जिंकला, आणि त्यांतले दोन गोल त्याचे.