भुवईतला रंग आणि जारचं पाणी

अक्षय्य तृतीया जवळ आली की परतवाडा, आर्वी, पुसद, वरोरा अशा विदर्भातल्या गावांतली पार्लरं दिवसभर भरलेली असतात. पूर्वी तिथे फेशियल, मेंदी आणि दोऱ्याने भुवया कोरणं एवढंच चालायचं. आता फलकावर मायक्रोब्लेडिंग, लिप पिगमेंटेशन, परमनंट आयलायनर हेही शब्द दिसतात. हा सगळा परमनंट मेकअप, म्हणजे भुवई, ओठ किंवा पापणीच्या कडेला सुईने कायमचा रंग भरणं. खेड्यातून आलेली नवरी आणि तिची आई एक प्रश्न हमखास विचारतात: "सुई नवीन लावजा बरं, ताई." हा प्रश्न अगदी योग्य आहे. पण सुई नवी असली म्हणजे धोका संपला असं नाही. उरलेला धोका रंगाच्या वाटीत असतो, आणि त्या वाटीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आधी रंग टिकतो कसा ते पाहू. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो, म्हणून मेंदी निघून जाते. परमनंट मेकअपची सुई त्याखालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत रंग सोडते. शरीराला हा रंग परका वाटतो. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की या पेशी मरतात तेव्हा रंग बाहेर सुटतो आणि शेजारी आलेल्या नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. या देवाणघेवाणीत रंग जागच्या जागी राहतो. थोडे कण लसिकांवाटे, म्हणजे शरीरातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांवाटे, जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंतही जातात. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या आजीच्या कपाळावरचं गोंदण साठ वर्षांनीही दिसतं ते याच कारणाने. तिची काजळी आणि आजच्या बाटलीतला कार्बन ब्लॅक, दोन्ही कार्बनच.

म्हणजे परमनंट मेकअप हे गोंदणच आहे, फक्त चेहऱ्यावरचं आणि कमी खोलीचं. त्यामुळे गोंदणाचे सगळे जुने धोकेही त्याच्यासोबत येतात.

त्यातला एक धोका आपल्या अगदी शेजारचा आहे. छत्तीसगडमधून २००२ मध्ये ३१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. या सगळ्यांना कुष्ठरोगाचा चट्टा आला तो गोंदणाच्याच जागी. रस्त्याकडेला बसणारे गोंदणारे एकच सुई एकामागून एक माणसांना लावत होते. कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून गोंदल्यानंतर अनेक वर्षांनी चट्टा दिसला. ही सीमेपलीकडची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्या जत्रांमध्येही गोंदणाचे मशीनवाले बसतात.

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजारही सुईतूनच जातात. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून सुईबरोबर मशीनच्या दांड्याचाही विचार करावा लागतो. साध्या सुईत रंग आणि रक्त उलटं वर चढून दांड्याच्या आत जाऊ शकतं. ते अडवणारा पडदा असलेली, एकदाच वापरायची सुईची बंद नळी (कार्ट्रिज) मिळते, तीच हवी. स्पिरिटने पुसणं किंवा पाण्यात उकळणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची १२१ अंशांची वाफ, निदान १५ मिनिटं.

हिपॅटायटिस बीची लस देशभरच्या नियमित लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. आज लग्नाला उभ्या असलेल्या बहुतेक मुली त्याआधी जन्मलेल्या आहेत. लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. चेहऱ्याला सुई लावायचं ठरलंच असेल, तर ही लस त्याच्या आधी घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन. आणखी एक गोष्ट: अशी प्रक्रिया केल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना वारंवार रक्त लागणाऱ्या आपल्या भागात ही माहिती प्रत्येक रक्तदात्याला असायला हवी.

आता त्या वाटीकडे येऊ. स्वित्झर्लंडमध्ये १२ जणांना भुवयांत रंग भरून घेतल्यानंतर काही आठवड्यांत भुवईवर लाल गाठी आल्या आणि जवळच्या लसिका ग्रंथी सुजल्या. सगळ्यांच्या भुवया एकाच व्यक्तीने केल्या होत्या. शोध घेतल्यावर मायकोबॅक्टेरियम हिमोफिलम हा जंतू तिच्या रंगात आणि तिच्याकडच्या पाण्यात सापडला. २०११ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांना गोंदणाच्या जागी तशाच गाठी आल्या. तिथे जंतू होता मायकोबॅक्टेरियम कीलोनी. काळी शाई डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून करड्या छटा बनवल्या होत्या, आणि न उघडलेल्या बाटलीतही हा जंतू निघाला. डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेलं पाणी. ते निर्जंतुक असतंच असं नाही.

हे जंतू क्षयरोगाच्या आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्याच कुळातले. ते माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीत. ते पाण्यात राहतात, नळाच्या, टाकीच्या आणि पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात. पिण्याच्या पाण्यात टाकतात तेवढं क्लोरीन ते सोसतात. असं पाणी प्यायल्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, कारण पोट आणि त्वचा त्यांना अडवतात. सुई मात्र त्यांना थेट त्वचेच्या आत नेऊन ठेवते.

आता आपल्याकडच्या पार्लरमधलं पाणी कुठलं? उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाचं, पिंपात साठवलेलं, नाहीतर वीस लिटरच्या जारचं. रंग घट्ट झाला की त्यातलेच दोन थेंब टाकले जातात, एक छटा बदलून दुसरी घेताना सुई त्यातच बुडवली जाते. पार्लर चालवणाऱ्या ताईंचा यात वाईट हेतू नसतो. चार दिवसांच्या क्लासमध्ये त्यांना भुवईचा आकार शिकवला जातो, पाण्याबद्दल कोणी शिकवत नाही. उपाय तर गावातल्या मेडिकलमध्येच आहे. इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी छोट्या बंद कुपीत काही रुपयांना मिळतं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी कुपी फोडायची, उरलेलं पाणी आणि वाटीतला उरलेला रंग फेकून द्यायचा. तेव्हा सुईच्या प्रश्नाला जोडून हेही विचारा: रंगात पाणी कुठलं घालता, आणि ती कुपी माझ्यासमोर फोडाल का?

रंगाचा स्वतःचाही त्रास असतो. अमेरिकेत २००३-०४ मध्ये परमनंट मेकअपच्या काही छटांबद्दल १५० हून जास्त तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या: सूज, खाज, फोड, व्रण. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते. ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते, म्हणून आदल्या दिवशी कानामागे लावून पाहिलेला थेंब पूर्ण खात्री देत नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर निदान घटक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असावी. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

भुवया बिघडल्या तर लेझरने काढू, असं सहज सांगितलं जातं. चेहऱ्याच्या रंगांत आयर्न ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतात. लेझर पडताच तांबूस आयर्न ऑक्साइडचं काळ्यात रूपांतर होऊ शकतं. गुलाबी ओठ एका झटक्यात काळपट झाल्याची उदाहरणं आहेत. रंगातल्या लोहामुळे एमआरआय तपासणीत त्रास होईल ही भीती मात्र त्यामानाने फार कमी खरी आहे. क्वचित कोणाला तिथे चुरचुरतं. आधी सांगून ठेवलं की पुरे.

बधिर करणाऱ्या क्रीमकडेही लक्ष असू द्या. त्यातलं लिडोकेन जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जाड थर आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळणं याने ते जास्त शोषलं जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेनच्या अशा क्रीमबद्दल इशारा दिला होता.

मग येतो आपला मे महिना. भुवईवरची खपली पडायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तेवढे दिवस ती जखमच असते. ४५ अंशांतला घाम, धूळ, चुलीचा धूर, आणि त्यात लग्नाची हळद. पाट्यावर वाटलेली, घरच्या पाण्यात कालवलेली हळद दहा बायकांच्या हातांनी त्या उघड्या जखमेवर चोळली जाते. हळदीच्या आधी निदान महिनाभर मोकळा हवा. पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बाईलाही तेवढेच दिवस चिखलाच्या हातांपासून चेहरा जपावा लागतो, आणि मजुरी बुडवणं प्रत्येकीला परवडत नाही.

गरोदर बायांनी, मधुमेह ताब्यात नसणाऱ्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि जखमेचा व्रण ज्यांच्या अंगावर फुगून वाढतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. तापानंतर ज्यांच्या ओठांवर बारीक फोड येतात त्यांना ओठांत सुई लावल्यावर ते पुन्हा उसळू शकतात. पसरत असलेला कोड सुई लागलेल्या जागी नवा डाग उमटवू शकतो. तोच कोड बराच काळ स्थिर असेल, तर ओठावरच्या पांढऱ्या डागात रंग भरणं हा त्वचारोगतज्ज्ञांचा उपचारही आहे.

भुवईवर पाच-सहा आठवड्यांनी गाठ उठली, नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ती बसत नसेल, तर मलमं बदलत बसू नका. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ किंवा अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोग विभागात जा, आणि रंग कधी भरला ते पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगितलं नाही, तर तपासणीत ही गाठ क्षयरोगासारखी दिसते आणि औषध भलतंच सुरू होऊ शकतं. गाठीचा तुकडा काढतील तेव्हा तो कल्चरलाही, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीलाही, पाठवायला हवा. प्रयोगशाळेला तशी आगाऊ सूचना द्यावी लागते, कारण पाण्यातले हे जंतू नेहमीच्या ३७ अंशांपेक्षा ३० ते ३२ अंशांवर चांगले वाढतात, आणि हिमोफिलमला तर खाद्यात वेगळं लोहही घालावं लागतं.