‘लॅबग्रोन म्हणजे शेवटी खोटाच ना?’

ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका पेढीत माझ्या बहिणीने काउंटरवरच्या मुलाला हे तोंडावरच विचारलं. भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायची होती. समोर मखमली ट्रेमध्ये दोन अंगठ्या, दोन्हींत ५० सेंटचा म्हणजे अर्ध्या कॅरेटचा हिरा. खाणीतल्या हिऱ्याची किंमत ऐकून बहिणीने पर्स जवळ ओढली, आणि लॅबग्रोनची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याची, ऐकून तिला संशय आला. ‘‘असले जांभळी नाक्यावर ढिगाने मिळतात!’’

मुलगा हसला नाही. त्याने पेनासारखा टेस्टर काढला, टोक एका खड्याला टेकवलं. पीं. दुसऱ्याला टेकवलं. पीं. मग भाचीला कानातली अमेरिकन डायमंडची कुडी काढायला लावून तिला टेकवलं. पेन गप्प.

गोंधळ होतो तो इथेच. अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड. त्यात कार्बनच नाही, तो फक्त हिऱ्यासारखा दिसतो. लॅबग्रोन मात्र कार्बनच, आणि अणूंची रचनाही खाणीतल्या हिऱ्याचीच. पेन बघतं ते खडा उष्णता किती झटकन वाहून नेतो एवढंच, म्हणून त्याला दोन्ही हिरेच वाटतात. (मोइसानाइट हा सिलिकॉन कार्बाइडचा खडाही अशा पेनाला चकवतो, तेव्हा नुसत्या ‘पीं’वर विसंबू नका.) आमची आजी सांगायची, खरा हिरा ऐरणीवर घण मारला तरी फुटत नाही. कृपा करून करून बघू नका. हिरा कठीण म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. नेमक्या दिशेने घाव बसला तर खाणीतलाही दुभंगतो आणि लॅबमधलाही.

मग फरक कशात? जन्मात. खाणीतला हिरा साधारण १५० किलोमीटर किंवा त्याहून खोल, कोट्यवधी-अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झाला आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात वर आला. लॅबमध्ये दोन वाटा आहेत. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कार्बनचा हिरा करायचा, हे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्येच साधलं होतं. दुसरी वाट सीव्हीडीची: हिऱ्याचीच पातळ चकती ‘बी’ म्हणून बंद कक्षात ठेवायची, त्यात मिथेन आणि हायड्रोजन हे वायू भरून त्यांचा प्लाझ्मा (म्हणजे विद्युतभारित तप्त वायू) करायचा, की कार्बन थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत खडा तयार. सुरतेत आज हा मोठा धंदा आहे.

मला गंमत वाटते ती नायट्रोजनची. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन अडकलेला असतो, आणि अब्जावधी वर्षांत त्याचे अणू एकमेकांजवळ येऊन गट करतात. एवढा वेळ कुठल्याच लॅबपाशी नाही. सीव्हीडी हिऱ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. म्हणून तपासणीच्या यंत्रांना नायट्रोजन सापडला नाही की ती खडा बाजूला काढतात. पण गोवळकोंड्याचे हिरे ज्या पाण्यासारख्या स्वच्छपणासाठी जगभर गाजले, तोही नायट्रोजन नसल्यामुळेच! म्हणजे या यंत्रात कोहिनूर घातला तरी त्यालाही आधी संशयितांच्या रांगेतच उभं राहावं लागेल.

तुमच्याआमच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसणार नाही. भिंगातून हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक बघायचा आणि तो सर्टिफिकेटशी ताडायचा. हॉलमार्क आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो सोन्याचा असतो, हिऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, हिऱ्याचा वजनाचा (१ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम), यातही अनेकांची गल्लत होते.

खरा प्रश्न पुढे, मोडायला जाल तेव्हा. डी बिअर्स या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावाने लॅबग्रोन बाजारात आणला तेव्हा भाव कॅरेटला ८०० डॉलर होता. उत्पादन वाढत गेलं, भाव कोसळत राहिले, आणि २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करायचं ठरवलं. यंत्र आणखी लावता येतं, खाण तशी वाढवता येत नाही. म्हणून लॅबग्रोन विकताना हाती फारसं काही येत नाही. खाणीतलाही सोन्यासारखा मोडता येत नाही बरं का, तिथेही घट सोसावी लागतेच. परत घेण्याचा नियम पेढीगणिक वेगळा, तो लेखी घ्या. माझं मत विचाराल तर घालायला हवा असेल तर लॅबग्रोन बेलाशक घ्या, आणि ठेव करायची असेल तर हिऱ्याच्या नादी न लागता सोनं घ्या.

भाचीने लॅबग्रोनच निवडली. उरलेल्या पैशांत बहिणीने एक वेढणं घेतलं, आणि बिलावर ‘लॅबग्रोन’ असं स्पष्ट लिहून घेतलं. रिक्षात बसल्यावर ते बिल घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात गेलं. ‘‘हे बघ,’’ ती मला म्हणाली, ‘‘माझ्या नणंदेने विचारलं तर नुसतं ‘हिऱ्याची आहे’ म्हणायचं. खोटं थोडंच आहे?’’