हिरवं पान आणि फुली मारलेली कचराकुंडी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पोतंभर जुने चार्जर, दोन राउटर आणि इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी निघाली. गल्लीत आलेल्या भंगारवाल्यानं एक अ‍ॅडाप्टर उलटा केला, हिरव्या पानाच्या शिक्क्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "ह्यो ग्रीनवाला हाय काका, ह्यात विषबिष काय नस्तंय." शेजारीच फुली मारलेली चाकाची कचराकुंडी छापली होती, तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही. आपणही बघत नाही, आणि बघितलं तरी दोन्ही शिक्के एकाच अर्थाचे वाटतात.

हिरव्या पानाखाली 'आरओएचएस', म्हणजे घातक पदार्थांवरचा निर्बंध, असं लिहिलेलं असतं. वस्तू बनवताना तिच्यात काय किती घातलंय, एवढंच ते सांगतं. युरोपात हा निर्बंध 1 जुलै 2006 पासून आला. शिसं, पारा, कॅडमियम, सहासंयुजी क्रोमियम आणि आग रोखणारी दोन ब्रोमिनयुक्त रसायनं, असे तेव्हा सहा पदार्थ होते. कॅडमियमची मर्यादा 0.01 टक्के, बाकीच्यांची 0.1. भारताच्या ई-कचरा नियमांतही हेच सहा आहेत. आणि ही टक्केवारी अख्ख्या वस्तूच्या वजनावर मोजत नाहीत, तर तिच्यातल्या प्रत्येक एकजिनसी, म्हणजे आणखी सुटा करता येत नाही अशा, पदार्थावर मोजतात. बोर्डवर भाग जोडायच्या जुन्या सोल्डरमध्ये 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं असायचं. असा एक टाका बोर्डवर सापडला तरी दहा किलोचा टीव्ही नापास. कोल्हापूरच्या राजारामपुरीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा: जुनं सोल्डर 183 अंशांना वितळायचं, बिनशिशाच्या नव्याला 217 च्या पुढं जावं लागतं. (पानाचं चित्र सरकारनं ठरवलेलं नाही बरं का, कंपन्या आपापल्या परीनं काढतात.)

कुंडीचा प्रश्न वेगळा: वस्तू मेल्यावर तिचं कोण बघणार? ती कचऱ्यात टाकू नका, हे आपल्याला सांगणं. कंपनीच्या गळ्यात पडते ती ईपीआर, म्हणजे उत्पादकाची वाढीव जबाबदारी. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनावर रीसायकलिंगचं उद्दिष्ट ठरतं: 2023-24 ला 60 टक्के, 2025-26 पासून 70, 2027-28 पासून 80. पण कंपनीला तुमचाच चार्जर शोधून न्यावा लागत नाही. नोंदणीकृत रीसायकलरनं तेवढ्या कचऱ्यावर प्रक्रिया केल्याची प्रमाणपत्रं विकत घेतली, की हिशेब पुरा. माझ्या मते जबाबदारी इथंच पातळ होते.

शिरोलीच्या फौंड्रीवाल्याला, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्याला, हे चटकन कळेल. ओतण्याआधी रसाचा नमुना घेऊन स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजायच्या यंत्रावर, कार्बन-सिलिकॉन बघणं, हे झालं हिरवं पान. ओतल्यावर तुटलेले रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेले जादा तुकडे, गोळा करून परत भट्टीत घालणं, ही झाली कुंडी. रिपोर्ट चांगला आला म्हणून रनर आपोआप भट्टीत येत नाहीत.

आता त्या पोत्याकडं बघा. अ‍ॅडाप्टर शिशाच्या परीक्षेत पास आहे, पण त्याच्या वायरवर पीव्हीसी असतं आणि पीव्हीसी त्या सहांत नाही. तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली की त्यातूनच डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. कारखान्यातून निघताना ती वायरमध्ये नव्हतीच, मग शिक्का काय सांगणार? आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे शिशाचा ठोकळाच! तिला हा निर्बंध लागू नाही, तिचे नियम वेगळे. दुकानदारानं जुनी बॅटरी परत घ्यावी, हे 2001 च्या नियमांतच आलं. तिच्यासाठी मला कुणाच्या मागं लागावं लागलं नाही. जुनी द्या, नवीन घ्या, दुकानदारानं पैसे वजा केले. ती पुढं कुठल्या भट्टीत वितळते हा वेगळा विषय, पण निदान परत तरी गेली.

अ‍ॅडाप्टरला मात्र दुकानात कुणी हात लावेना. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. "वायरीचं काय करतोस रे?" म्हणून विचारलं, तर हसला आणि काडी ओढल्यासारखी बोटं केली. पोतं पुन्हा माळ्यावर गेलंय.