सेशन-समाप्ती आणि रिडायरेक्ट

सेशन-समाप्ती आणि रिडायरेक्ट : वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये लॉगिन केलेल्या व्यक्तीची ओळख ठरावीक काळानंतर रद्द होणे आणि पुढच्या क्लिकला ब्राउझरला दुसऱ्या पानावर, बहुधा लॉगिनच्याच, धाडले जाणे.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते एचटीटीपी मागची विनंती लक्षात ठेवत नाही. त्यावर तोड म्हणून नेटस्केप या ब्राउझर कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवायची छोटी नोंद, आणली. लॉगिन झाले की सर्व्हर अंदाज बांधता येणार नाही असा सेशन-क्रमांक कुकीतून ब्राउझरला देतो आणि प्रत्येक विनंतीसोबत तो परत येतो. सर्व्हरकडची नोंद पुसली गेली की हा क्रमांक निरुपयोगी. वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्या-चालवण्याच्या साधनांत सेशनची मुदत ठरलेली असते. ती न बदलल्यास एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटे, टॉमकॅटमध्ये ३० मिनिटे, तर जँगोमध्ये दोन आठवडे असते. पीएचपीत १,४४० सेकंद वापर झाला नाही तर सेशनचा डेटा साफसफाईला पात्र ठरतो.

मुदत हवीच. गोव्यातल्या वाळपई, साखळी किंवा पेडण्याच्या सायबर दुकानात एक गिऱ्हाईक उठले की त्याच संगणकावर दुसरे बसते. आधीच्याचे खाते उघडे राहणे कोणालाच परवडणार नाही. अडचण आहे ती मुदत संपल्यावर काय होते यात. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून आलेले काका पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यासारखा अर्ज भरून घेत आहेत असे समजू. नाव-पत्ता टाइप होतो, देवनागरीतले आडनाव दोनदा खोडून दुरुस्त होते, मग एक कागद घरी राहिल्याचे लक्षात येते. मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवेपर्यंत अर्धा तास जातो. इतका वेळ सर्व्हरकडे एकही विनंती गेलेली नसते. पानावर टाइप करत राहिल्याने सर्व्हरला काही कळत नाही. सबमिट दाबताच लॉगिनचे पान येते, आणि लॉगिन करून पाहावे तर अर्ज कोरा. दुकानदार म्हणतो, “काका, परत पहिल्यापासून सांगा.”

इथे घडते ते असे. अर्ज पोस्ट पद्धतीने, म्हणजे भरलेला मजकूर सोबत घेऊन, जातो. सेशन नाही म्हणून सर्व्हर ३०२, म्हणजे ‘तूर्त दुसऱ्या पत्त्यावर जा’, हा संकेत देतो. ब्राउझर नव्या पत्त्यावर जाताना पोस्टचे गेट (नुसते पान मागणे) करतात, आणि भरलेला मजकूर तिथेच गळतो. ३०७ आणि ३०८ या रिडायरेक्टच्या दुसऱ्या संकेतांमध्ये पद्धत व मजकूर दोन्ही टिकतात, पण लॉगिनच्या पानाला त्या मजकुराचे काहीच करायचे नसते. यशस्वी सबमिटनंतर पावतीच्या पानाकडे नेण्यासाठी ३०३ योग्य. मग पान रिफ्रेश केले तरी अर्ज दोनदा जात नाही. लॉगिनकडे पाठवताना ३०१ मात्र कधीही वापरू नये. तो कायमचा बदल मानला जातो आणि ब्राउझर तो साठवून ठेवू शकतो, त्यामुळे लॉगिन झालेला माणूसही पुन्हा लॉगिनच्याच पानावर आदळतो.

पानामागून जाणाऱ्या विनंत्यांची गत आणखी वाईट. फेच (पान न बदलता विनंती पाठवण्याची ब्राउझरची सोय) रिडायरेक्टच्या मागे आपसूक जाते आणि कोडच्या हाती जेसन स्वरूपातल्या डेटाऐवजी लॉगिनच्या पानाचे एचटीएमएल येते, तेही २०० या यशाच्या संकेतासह. पडद्यावर चक्र फिरत राहते. अशा विनंतीला सर्व्हरने ४०१, म्हणजे ‘आधी लॉगिन करा’, हा संकेत द्यावा. मग भरलेला अर्ज न हलवता त्याच पानावर लॉगिनची चौकट उघडता येते. हाच उपाय सर्वांत माणुसकीचा आहे.

लॉगिननंतर मूळ पानावर परतण्यासाठी त्याचा पत्ता सोबत न्यावा लागतो. तो तपासला नाही तर लबाड दुवा बनवून लोकांना बनावट साइटवर नेता येते. स्वतःच्या साइटवरचाच पत्ता स्वीकारावा. एका तिरक्या रेघेने सुरू होतो एवढे पाहणे पुरत नाही, कारण दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता ब्राउझर परक्या साइटचा धरतो.

मसुदा मधूनमधून सर्व्हरवर, त्या खात्याच्या नावे जतन करावा. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच संगणकावर, ठेवणे सोपे, पण दुकानातल्या संगणकावर आधार क्रमांक पुढच्या गिऱ्हाइकासाठी शिल्लक राहतो. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत दिलेला एक मार्ग असा : मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, साध्या कृतीने ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ निदान दहा वेळा करू द्यावी. संथ टाइप करणाऱ्यांसाठी ही सोय अत्यावश्यक आहे.

लॉगिनचे पानच चुकून सेशन-तपासणीत अडकले, किंवा ब्राउझरने कुकी साठवलीच नाही, तर रिडायरेक्टचा फेरा सुरू होतो. फेचच्या मानकात २० रिडायरेक्टनंतर विनंती सोडून दिली जाते. चाचणीसाठी सेशनची मुदत एक मिनिटावर आणावी, अर्धा अर्ज भरून थांबावे आणि मग सबमिट दाबावे. वरचे बहुतेक दोष तेवढ्यात उघडे पडतात.