फिट, चप्पल आणि कांदा: एक खुलासा
मेंदूविज्ञानाच्या ओढीने लातूर-नांदेडकडील आरोग्य शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या कानी एक समज हमखास पडतो, तो असा की, नाकाशी चप्पल किंवा फोडलेला कांदा धरला की फिट थांबते. फिट म्हणजे मेंदूतील पेशींमध्ये अचानक उसळणारी अनियंत्रित विद्युत हालचाल. बहुतेक वेळा ती एक-दोन मिनिटांत आपोआप शमते आणि श्रेय मात्र चपलेला मिळते. अशा वेळी रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि 5 मिनिटांत फिट न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. झटका किती वेळ टिकला, कोणत्या बाजूने सुरू झाला, ही विद्यार्थ्याने केलेली नोंद (संशोधनाचा पहिला धडाच तो) निदानाला फार उपयोगी पडते, कारण दोन फिटांच्या मधल्या काळात ईईजी (मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख) अगदी सामान्यही दिसू शकतो.