ख्रिस्ती स्वातंत्र्यवाद व समलिंगी विवाह

अमेरिकेतील ख्रिस्ती लिबर्टेरियन म्हणजे स्वातंत्र्यवादी (शासनाचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या) लेखकांनी समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर मांडलेली भूमिका. कोणता विवाह ग्राह्य धरायचा हे ठरविण्याचा अधिकार मुळात शासनाचा नाही. तो मंडळीचा (म्हणजे चर्चचा), कुटुंबाचा आणि एकमेकांशी करार करणाऱ्या प्रौढ व्यक्तींचा आहे, हे तिचे मुख्य सूत्र. समलिंगी संबंध पाप आहे की नाही, हा प्रश्न ती जाणूनबुजून बाजूला ठेवते. तिचे अनेक पुरस्कर्ते विवाह एक पुरुष व एक स्त्री यांच्यातच होतो असे मानतात, काही तसे मानत नाहीत. पण ही श्रद्धा दंडशक्तीच्या जोरावर इतरांवर लादता येत नाही, यावर दोघांचेही एकमत असते. त्यामुळे या भूमिकेला समलिंगी विवाहाचे समर्थन म्हणणे जितके अपुरे, तितकेच विरोध म्हणणेही.

शास्त्राधार म्हणून बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाकडे प्रथम बोट दाखविले जाते. मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे हे आपले काम नव्हे, असे पौल तेथे सांगतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील आठवा अध्यायही वारंवार येतो : इस्राएल लोक राजा मागतात आणि राजा तुमची मुले, शेते व धान्याचा दशांश घेईल, असा इशारा शमुवेल त्यांना देतो. विरोधक याला रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाने उत्तर देतात, कारण तेथे अधिकारी देवाने नेमलेले असल्याचे म्हटले आहे. कॅथलिक लेखक तेराव्या शतकातील धर्मपंडित टॉमस अक्वायनसचा आधार घेतात. मानवी कायदा अपूर्ण माणसांच्या समुदायासाठी असतो, म्हणून त्याने सगळे दुर्गुण नव्हे, तर मुख्यतः इतरांना इजा करणारे गंभीर दुर्गुणच रोखावेत, असे अक्वायनसचे प्रतिपादन आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत अमेरिकेतील वसाहतकालीन पाळक रॉजर विल्यम्सचे नाव घेतले जाते. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसविले आणि १६४४ मध्ये मंडळीची बाग व जगाचे रान यांच्यामधील भिंतीची कल्पना मांडली. मात्र विल्यम्सचा वाद उपासनेतील सक्तीशी होता. विवाहाच्या आजच्या प्रश्नापर्यंत तो ओढला गेला तो नंतरच्या लेखकांकडून.

विवाह आधी मंडळीकडे होता आणि शासनाने तो बळकावला, असे या लेखनात पुष्कळदा गृहीत धरलेले असते. इतिहास इतका सरळ नाही. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांनुसार वधूवरांनी वर्तमानकाळी शब्दांत दिलेली परस्परसंमती विवाहास पुरेशी होती. धर्मगुरू हजर नसला तरी तो वैध ठरे. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा करण्याचा नियम घातला. धर्मगुरू व साक्षीदार यांच्या उपस्थितीवाचून विवाह अवैध, हा नियम कॅथलिक चर्चने केला तो ट्रेंट परिषदेत, १५६३ मध्ये. म्हणजे व्यक्तींच्या खाजगी कराराला पहिला मोठा अडसर घातला तो शासनाने नव्हे, चर्चनेच. दुसऱ्या बाजूस मार्टिन ल्यूथरने विवाह ही ऐहिक बाब असल्याचे म्हटले. अमेरिकेत इंग्रज प्यूरिटनांनी (कडव्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी) वसविलेल्या प्लिमथ वसाहतीतील पहिले लग्न मे १६२१ मध्ये झाले तेही दंडाधिकाऱ्यासमोर. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने नेदर्लंड्समधील रिवाजाचा हवाला देऊन ते नागरी कृत्य असल्याची नोंद ठेवली आहे. धर्मग्रंथात आधार नाही म्हणून विवाह पाळकाकडून काढून अधिकाऱ्याकडे देणाऱ्या या प्यूरिटनांचे आध्यात्मिक वारस आज तो अधिकाऱ्याकडून परत मागत आहेत, ही गंमत या विषयावरील लेखनात फारशी नोंदविली जात नाही.

विवाह-परवान्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. स्वातंत्र्यवादी लेखकांचे आवडते कथन असे : पूर्वी लोक परवान्याविना लग्न करीत, यादवी युद्धानंतर (१८६१–६५) गोऱ्याकाळ्यांची लग्ने रोखण्यासाठी राज्यांनी परवाना आणला, तेव्हा परवाना ही वंशभेदाची निर्मिती आहे. याला काही आधार आहे. व्हर्जिनियाच्या १९२४च्या वंशशुद्धी कायद्याने वधूवरांनी वर्णाविषयी दिलेल्या माहितीची खात्री पटेपर्यंत परवाना न देण्याची जबाबदारी कारकुनावर टाकली होती. पुढे १९६७ मध्ये लव्हिंग वि. व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्याकाळ्यांच्या लग्नांवरील बंदी रद्द केली. परंतु उगम तेथे शोधणे कठीण आहे. इंग्लंडमध्ये परवाना ही मूळची बिशपकडून मिळणारी सवलत होती. पुकारा टाळायचा असेल तर फी भरून ती घेता येई आणि सुस्थितीतील लोक ती घेत. तिचा आरंभ साधारणपणे चौदाव्या शतकात मानतात. व्हर्जिनिया वसाहतीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच ‘पुकारा किंवा गव्हर्नरचा परवाना’ असा पर्याय आढळतो. उलट मिश्रविवाहावरील तेथील १६९१चा कायदा शिक्षेवर, म्हणजे हद्दपारीवर आधारलेला होता; त्यासाठी परवान्याची गरज पडली नव्हती. परवाना ऐच्छिक सवलतीपासून सक्तीकडे गेला तो एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध व विसाव्याचा आरंभ या काळात. त्यामागे वयाची अट, नात्यातील लग्ने, जन्ममृत्यूची नोंदवही, गुप्तरोगांची भीती अशी अनेक कारणे दिसतात. विस्कॉन्सिनने १९१३ मध्ये वरासाठी वैद्यकीय दाखला सक्तीचा केला. वंश हे त्यांतील एक कारण, एकमेव नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दरम्यान परवान्याविना झालेले सहमतीचे विवाहही टिकून होते. राज्याने विधींचे नियम घातले म्हणून असे विवाह आपोआप अवैध ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये मिशिगनमधील विवाहाविषयीच्या माइस्टर वि. मूर या प्रकरणात दिला होता. स्वातंत्र्यवाद्यांच्या बाजूचा याहून भक्कम ऐतिहासिक दाखला शोधून सापडणार नाही. तरी ते त्याऐवजी वंशभेदाचेच कथन का पुढे करतात, कोण जाणे.

राजकारणात ही भूमिका ओळखीची झाली ती टेक्ससचे काँग्रेस सदस्य रॉन पॉल यांच्यामुळे. व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ आणि श्रद्धेने बॅप्टिस्ट असलेल्या पॉल यांनी विवाहाची व्याख्या संविधानात घालणाऱ्या दुरुस्तीला २००४ मध्ये विरोध केला. विवाह ही धार्मिक बाब असून वॉशिंग्टनने त्यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र याच न्यायाने राज्यांनीही त्यातून अंग काढावे, हा आग्रह त्यांच्या प्रत्यक्ष विधिकार्यात क्षीण दिसतो. तेथे त्यांचा भर केंद्रापेक्षा राज्यांना अधिकार देण्यावर होता. विवाहाला एक पुरुष व एक स्त्री यांच्यापुरते मर्यादित करणाऱ्या १९९६च्या केंद्रीय कायद्याचे कर्ते बॉब बार २००८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि आपल्याच कायद्याविरुद्ध बोलू लागले.

शासनाने विवाहातून बाहेर पडावे, हे बोलणे सोपे. अडचण लाभांची आहे. २००४च्या एका शासकीय पाहणीत वैवाहिक स्थितीवर अवलंबून असणाऱ्या केंद्रीय तरतुदींची संख्या १,१३८ भरली. कर, निवृत्तिवेतन, वारसा, परदेशी जोडीदाराचा रहिवास असे सर्व काही त्यांत येते. १९९६च्या कायद्यामुळे केंद्राने विवाह न मानल्याने ईडिथ विंझर यांना मृत पत्नीच्या मालमत्तेवर ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला आणि त्यातून त्या कायद्यातील विवाहाची व्याख्या रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा निकाल आला. ही व्यवस्था मोडेपर्यंत काय करायचे, यावर स्वातंत्र्यवाद्यांत फूट आहे. एक पक्ष म्हणतो की शासन जोवर हे वाटप करते तोवर त्याने ते सर्वांना सारखे करावे. ख्रिस्ती नसलेल्या केटो इन्स्टिट्यूट या स्वातंत्र्यवादी संस्थेने समलिंगी विवाहाच्या हक्काविषयीच्या ओबर्गेफेल वि. हॉजेस या खटल्यात याच अर्थाचे निवेदन सादर केले. दुसऱ्या पक्षाच्या मते स्वातंत्र्य म्हणजे शासनाच्या हस्तक्षेपापासून मुक्तता, शासनाकडून मिळणारी मान्यता नव्हे. तेव्हा मान्यतेचा विस्तार हा शासनाचाच विस्तार. २६ जून २०१५ रोजी याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य झाला. त्या वेळी न्यायमूर्ती क्लॅरन्स टॉमस यांनी आपल्या असहमतिपत्रात हीच मांडणी केली. टॉमस यांना या चळवळीत सहसा गणले जात नाही, तरी तिचा सर्वांत रेखीव युक्तिवाद त्यांच्याच पत्रात सापडतो.

या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा प्रत्यक्ष प्रयोग ॲलाबामाचा. तेथील कायद्यात प्रोबेट न्यायाधीश (मृत्युपत्रे व वारसा यांची प्रकरणे पाहणारे) परवाने ‘देऊ शकतात’ अशी शब्दरचना होती, ‘देतील’ अशी नव्हे. तिचा आधार घेऊन २०१५च्या निकालानंतर काही काउंटींतील (जिल्ह्यासारख्या विभागांतील) न्यायाधीशांनी कोणालाच परवाने देणे थांबविले. तेथील स्त्रीपुरुष जोडप्यांनाही शेजारच्या काउंटीत जावे लागे. अखेर २०१९च्या कायद्याने परवानाच रद्द केला आणि तो २९ ऑगस्टपासून अमलात आला. आता दोघे जण शासकीय नमुन्यावर आपले वय, अविवाहित स्थिती, निषिद्ध नात्यात नसणे व करारक्षमता यांविषयी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करतात आणि ते प्रोबेट कार्यालयात नोंदवितात. विधी ऐच्छिक आहे. न्यायाधीशाकडे मंजुरीचा नव्हे, फक्त नोंदीचा अधिकार उरतो. यात समलिंगी जोडप्यांना वगळलेले नाही, आणि आपली सही कोणाच्या लग्नावर उमटते ही अधिकाऱ्याची तक्रारही राहत नाही. हे स्वातंत्र्यवादाचे यश मानावे काय? अटी अद्याप राज्यच ठरविते, नमुना राज्याचाच आहे, घटस्फोट न्यायालयातच होतो. शिवाय परवान्याविना सहजीवनातून सिद्ध होणारे जुने विवाह याच राज्याने १ जानेवारी २०१७ पासून बंद केले होते. त्यामुळे केवळ चर्चमध्ये लग्न लावून कागद न नोंदविणारे जोडपे आज तेथे पूर्वीपेक्षा कमी विवाहित आहे.

या भूमिकेवरील नेमकी टीका स्वातंत्र्यवादी अर्थशास्त्राच्याच अंगणातून आली. कॅथलिक अर्थतज्ज्ञ जेनिफर रोबॅक मॉर्स यांनी २०१२ मधील लेखांत विवाहाचे खाजगीकरण अशक्य असल्याचे प्रतिपादन केले. मूल कोणाचे, हे करारपत्र ठरवू शकत नाही. वाद झाला की न्यायालय लागतेच, आणि ठरीव नियम नसले तर न्यायाधीशाचा हस्तक्षेप वाढतो, कमी होत नाही. दोन वेगवेगळे विवाह असावेत, एक राज्याचा व एक चर्चचा, ही सूचना घटस्फोटाच्या संदर्भात ब्रिटिश लेखक सी. एस. लुइस यांनी १९४०च्या दशकातच केली होती. त्यांचे मित्र टोल्किन यांनी तिचा प्रतिवाद करणारे पत्र लिहिले, पण पाठविले नाही : विवाहाचे ख्रिस्ती नियम सर्व मानवांसाठी खरे असतील तर ते केवळ सभासदांचे नियम कसे, असा त्यांचा प्रश्न होता. याचे समाधानकारक उत्तर ख्रिस्ती स्वातंत्र्यवाद्यांनी दिलेले दिसत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये काही ॲंग्लिकन धर्मपंडितांनी पाळकांना शासकीय विवाहपत्रांवर सह्या न करण्याचे आवाहन केले. ते वरवर याच वळणाचे दिसले, तरी त्यामागे स्वातंत्र्यवाद नव्हता, चर्चच्या शुद्धतेची चिंता होती.

व्यक्तिस्वातंत्र्याची दुसरी बाजू व्यावसायिकांची. समलिंगी लग्नाचा केक करण्यास नकार देणाऱ्या कोलोरॅडोतील बेकरीच्या प्रकरणात (२०१८) न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी बेकरीच्या बाजूने, पण राज्य आयोगाच्या धर्मविषयक आकसापुरता मर्यादित निकाल दिला. समलिंगी लग्नांची संकेतस्थळे करण्यास तयार नसलेल्या रचनाकाराच्या प्रकरणात (२०२३) नकाराचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे व्यापक झाला. दोन्ही वेळा बहुतेक स्वातंत्र्यवादी, समलिंगी विवाहाचे समर्थकसुद्धा, नकाराच्या हक्काच्या बाजूस होते. केंटकीच्या काउंटी कारकून किम डेव्हिस यांनी २०१५ मध्ये परवाने देण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला, तेव्हा मात्र मते विभागली. शासनाचा पगार घेणाऱ्याला खाजगी दुकानदाराची मोकळीक नाही, असे अनेकांनी म्हटले.

भारतात परवान्याचे स्वरूप वेगळे आहे. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमात परवाना वधूवरांना नव्हे, लग्न लावणाऱ्या काही प्रकारच्या पाळकांना लागतो. बिशपकडून दीक्षा मिळालेल्यांना तोही लागत नाही. समलिंगी विवाहाविषयीच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह करण्याचा निरपवाद मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. तेथील युक्तिवाद मुख्यतः १९५४च्या विशेष विवाह अधिनियमाभोवती फिरला.