पहिल्या नंबरचे टक्के आले कुठून?

कोल्हापुरात वेबसाइटचं काम देताना जी कोटेशनं येतात, त्यांतल्या बऱ्याच कोटेशनांत एक तक्ता असतो. गुगलवर पहिल्या नंबरला इतके टक्के क्लिक, दुसऱ्याला इतके, दहाव्याला जेमतेम दोन-तीन. महाद्वार रोडवरचे लॉजवाले, चप्पल लाइनमधले दुकानदार, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले हा तक्ता बघून वर्षाचे पैसे मोजतात. काही महिन्यांनी साइट खरोखर वर येते आणि तरीही प्रश्न येतो, "पहिल्या नंबरला आलोय की, मग फोन का वाजंना?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्या तक्त्याच्या इतिहासात सापडतं. एसईओ, म्हणजे साइट गुगलच्या निकालांत वर आणण्याचं काम, विकणाऱ्याने तरी हा इतिहास माहीत करून घ्यायलाच हवा, कारण समोरच्याचे पैसे कष्टाचे असतात.

आधी हिशेब. तुमची लिंक कुणाच्या शोधात दिसली की ते एक इंप्रेशन. ती दाबली गेली की एक क्लिक. शंभरदा दिसून पाचदा दाबली गेली, तर क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर, ५ टक्के. जाहिरातीचे पैसे न भरता मिळालेल्या जागेचा हा हिशेब असला, की तो ऑरगॅनिक सीटीआर. भागाकार सोपा आहे. पण छेदात काय धरायचं, यावरून वीस वर्षं गोंधळ चालू आहे आणि सगळे वादग्रस्त आकडे तिथूनच निघाले आहेत.

हे माप मुळात जाहिरातवाल्यांचं. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी कंपनीचा बॅनर झळकला, तेव्हापासून क्लिक मोजणं सुरू झालं. गुगलने ऑक्टोबर २०००मध्ये जाहिराती विकणारं अ‍ॅडवर्ड्स आणलं आणि २००२पासून जाहिरातीचा क्रम ठरवताना बोलीच्या रकमेबरोबर तिचा सीटीआरही धरायला सुरुवात केली. जास्त पैसे भरणाऱ्याची जाहिरात लोक दाबत नसतील तर ती खाली जाऊ लागली. क्लिक म्हणजे लोकांची पसंती, ही समजूत शोधाच्या धंद्यात इथे पक्की झाली.

ही समजूत अर्धवट आहे, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी लवकरच दाखवून दिलं. २००४ आणि २००५मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना गुगलवर शोधायला बसवलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. पहिल्या दोन निकालांवर नजर जवळपास सारखाच वेळ टिकत होती, क्लिक मात्र पहिल्यावर कितीतरी जास्त पडत होत्या. मग त्यांनी विद्यार्थ्यांना न सांगता पहिल्या दोन निकालांची अदलाबदल केली. तरीही वर आणून ठेवलेल्यालाच जास्त क्लिक मिळाल्या. निकाल चांगला आहे म्हणून नव्हे, गुगलने वर ठेवलाय म्हणून लोक दाबतात, हा त्यातला मोठा धडा. "पहिल्या नंबरला आणून देतो" या वाक्याला बाजारात जी किंमत आली, तिच्या मुळाशी हे निरीक्षण आहे आणि ते आजही खोटं ठरलेलं नाही. फक्त त्याला टक्क्यांचं रूप कसं मिळालं, ती गोष्ट वेगळी आहे.

ऑगस्ट २००६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी म्हणून एक भलीमोठी फाइल इंटरनेटवर ठेवली. मार्च ते मे २००६ या तीन महिन्यांत सुमारे ६ लाख ५७ हजार वापरकर्त्यांनी काय शोधलं आणि कितव्या क्रमांकाचा निकाल दाबला, याची ती नोंद होती. नावं काढून नुसते क्रमांक दिले होते, पण माणूस काय काय शोधतो यावरूनच तो ओळखू येतो, हे पत्रकारांनी काही दिवसांत सिद्ध केलं. कंपनीने फाइल काढून घेतली, तिच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. तोवर फाइलच्या प्रती जगभर गेल्या होत्या. एओएलचे शोधनिकाल तेव्हा गुगलकडूनच येत, त्यामुळे एसईओवाल्यांच्या हाती पहिल्यांदाच खरा, प्रचंड मोठा माल लागला. त्यांनी क्रमांकानुसार क्लिक मोजल्या: पहिल्याला सुमारे ४२ टक्के, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला साडेआठ, दहाव्याला ३.

आपल्या कोटेशनांतल्या तक्त्याचा मूळ पुरुष तो हाच.

आता छेदाकडे बघू. फाइलमध्ये एकूण ३ कोटी ६४ लाखांच्या आसपास ओळी होत्या. त्यांतल्या १ कोटी ९४ लाख ओळी क्लिकच्या. उरलेल्या १ कोटी ६९ लाख ओळींत क्लिकच नव्हती. कुणी शोधून तसंच निघून गेलं, कुणी पुढचं पान मागितलं. ४२ टक्के हा आकडा फक्त क्लिक झालेल्या ओळींतला वाटा आहे. सगळ्या ओळी छेदात घेतल्या तर पहिल्या जागेचा आकडा २३ टक्क्यांच्या घरात येतो, म्हणजे जवळपास निम्म्यावर. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. "क्लिक करणाऱ्यांपैकी किती जण पहिल्यावर जातात" याचं उत्तर घेऊन ते "शोधणाऱ्यांपैकी किती जण माझ्याकडे येतील" या प्रश्नाला लावलं गेलं. दुकानदाराला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि मिळत मात्र पहिल्याचं. शोधून काहीच न दाबण्याच्या ज्या प्रकाराला आपण आज झीरो-क्लिक म्हणतो, तोही एआयने आणलेला नाही. तो २००६च्या त्या फाइलमध्ये उघड दिसतो.

पुढे अभ्यास बरेच झाले. २०११मध्येच ऑप्टिफाय या कंपनीच्या अभ्यासात पहिल्या क्रमांकाला ३६.४ टक्के मिळाले आणि स्लिंगशॉटच्या अभ्यासात १८.२ टक्के. वर्ष तेच, गुगल तेच, आकडा बरोबर अर्धा. कोणत्या साइट घेतल्या, कोणते शब्द घेतले, छेद कुठून आणला, यावर निकाल एवढा हलतो. २०२०मध्ये सिस्ट्रिक्स या कंपनीने ८ कोटींहून जास्त कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, तपासून पहिल्या जागेची सरासरी २८.५ टक्के दिली. त्यांच्या अहवालातला उपयोगाचा भाग सरासरीच्या पलीकडे आहे: निकालाखाली साइटच्या आतल्या पानांच्या लिंका दिसत असतील, तर आकडा ४६.९ टक्क्यांपर्यंत जातो. अशा लिंका बहुधा नाव घेऊन शोधणाऱ्यांना दिसतात. ज्याने तुमच्या दुकानाचं नाव टाईप केलं, तो तुमच्याकडेच यायला निघालेला असतो. त्या क्लिक एसईओच्या खात्यावर जमा करणं बरोबर नाही.

मधल्या काळात आणखी एक दार बंद झालं. पूर्वी पाहुणा कोणता शब्द शोधून साइटवर आला, ते गुगलच्या भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसायचं. ऑक्टोबर २०११पासून गुगलने लॉग-इन केलेल्यांचे शब्द झाकले आणि सप्टेंबर २०१३पर्यंत जवळजवळ सगळ्यांचेच. तेव्हापासून साइटमालकाकडे आपण कोणत्या शोधांत दिसलो ते बघायची गुगलची एकच खिडकी उरली: आधीचं वेबमास्टर टूल्स, २०१५पासून सर्च कन्सोल. २०१८मध्ये तिथे सोळा महिन्यांचा इतिहास मिळू लागला. ही खिडकी फुकट आहे, आणि माझा आग्रह आहे की ती साइटमालकाच्या स्वतःच्या जीमेलवर उघडलेली असावी, एजन्सीच्या नाही.

पण टक्के हलले त्याचं सगळ्यात मोठं कारण निकालांचं पानच बदललं, हे आहे. २००६चं पान म्हणजे दहा निळ्या लिंका आणि उजवीकडे जाहिराती. २००७मध्ये त्यात फोटो, बातम्या, नकाशे मिसळले. २०१२मध्ये माहितीची चौकट आली. २०१५मध्ये नकाशाखालची सात दुकानं तीनवर आली. फेब्रुवारी २०१६मध्ये डेस्कटॉपवरच्या उजव्या बाजूच्या जाहिराती गेल्या आणि वरती चारपर्यंत जाहिराती बसू लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडचा शोध हातातल्या फोनवर गेला.

फोनवर "कोल्हापूर लॉज" असं शोधून बघा. सगळ्यात वर प्रायोजित असा शिक्का असलेल्या बुकिंग कंपन्या येऊ शकतात. मग नकाशा, तारीख भरायची जागा आणि भावासकट हॉटेलांची यादी. मग लोक विचारतात ते प्रश्न. त्यानंतर "कोल्हापुरातली उत्तम दहा हॉटेलं" छापाच्या मोठ्या कंपन्यांच्या याद्या. अंबाबाईच्या देवळाजवळ दहा-बारा खोल्यांचा लॉज चालवणाऱ्याची स्वतःची साइट ऑरगॅनिक निकालांत वरच्या नंबरला असली, तरी तिथे पोहोचायला अंगठा दोन-तीनदा फिरवावा लागतो. त्या जागेला २००६चे ४२ टक्के लावायचे कसे? शिवाय नकाशातल्या यादीत त्याच लॉजचं बिझनेस प्रोफाइल असेल, तर भाविक तिथूनच थेट फोन लावतो, साइटवर येतच नाही. साइटचा सीटीआर पडलेला दिसतो आणि खोली मात्र भरलेली असते. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही "तुमचा एसईओ फसलाय" असं सांगू नये.

"दर्शनाची वेळ", "किरणोत्सव कधी आहे" अशा शोधांचं तर वेगळंच. दरवर्षी नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर हे प्रश्न वाढणार, पण उत्तर एका ओळीचं आहे आणि ते निकालाच्या पानावरच मिळून जातं. असल्या शब्दावर पहिला नंबर मिळवून देण्याचे वेगळे पैसे घेणं मला पटत नाही. उलट उद्यमनगरातल्या फाउंड्रीचं गणित बघा. एखाद्या विशिष्ट कास्टिंगचा शोध महिन्यातून मोजके लोक घेतात, टक्केवारी काढावी इतकीही इंप्रेशन नसतात, पण त्यातली एक क्लिक परराज्यातल्या खरेदी अधिकाऱ्याची असली तर वर्षाची ऑर्डर ठरते. तिथे सीटीआरचा आलेख काढत बसणं वेळेचा अपव्यय आहे. शीर्षकात धातू, वजनाची मर्यादा आणि मशिनिंगची सोय लिहिली आहे का, ते बघावं.

चपलांच्या बाबतीत जून २०२५ आठवा. प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, श्रेय न दिल्यावरून ओरड झाली. २०१९मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांत बनणाऱ्या या चपलेचं नाव एकदम जगाच्या तोंडी आलं. अशा वेळी शोधणाऱ्यांत बातमी वाचायला आलेलेच जास्त असतात. दुकानाची लिंक त्यांनाही दिसते, इंप्रेशन फुगतात, क्लिक त्या प्रमाणात वाढत नाहीत आणि सीटीआर खाली येतो. क्रमांक हललेला नसतो, साइटही बिघडलेली नसते. शोधणाऱ्यांची गर्दी बदललेली असते, इतकंच.

क्लिकचा क्रमांकावर परिणाम होतो का, हा या इतिहासातला सगळ्यात जुना वाद. गुगलकडून वर्षानुवर्षं उत्तर येत होतं की क्लिक हा थेट निकष नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकी न्याय विभागाच्या खटल्यात गुगलचे पांडू नायक यांनी शपथेवर नॅवबूस्ट नावाच्या यंत्रणेची माहिती दिली. ती वापरकर्त्यांच्या तेरा महिन्यांच्या क्लिकवर चालते. मे २०२४मध्ये बाहेर आलेल्या गुगलच्या अंतर्गत कागदपत्रांत चांगल्या क्लिक, वाईट क्लिक, सगळ्यात जास्त वेळ टिकलेली शेवटची क्लिक अशा नोंदी होत्या. त्याचा दाखला देऊन भाड्याच्या क्लिक विकणारेही असतात. त्यांच्या नादी लागू नये. माणूस आत येऊन लगेच मागे फिरतो, हेही तिथे मोजलं जातंच. शीर्षकात "कोल्हापुरातील नं. १" लिहून माणूस ओढायचा आणि आत ना भाव, ना माप, ना फोटो, तर ती क्लिक आपल्याच विरोधात जाते.

अलीकडचे आकडे कठोर आहेत. स्पार्कटोरो या कंपनीच्या २०२४च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ५८.५ टक्के शोधांत पुढे एकही क्लिक झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश, भारतात इंग्रजी आणि हिंदीत आलं. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने मार्च २०२५मधलं अमेरिकी लोकांचं ब्राउझिंग तपासलं, तेव्हा एआयचा सारांश असलेल्या पानांवर नेहमीची लिंक ८ टक्के वेळा दाबली गेली, सारांश नसलेल्या पानांवर १५ टक्के वेळा. खुद्द सारांशातली लिंक अवघी १ टक्का वेळा. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे कोल्हापूरच्या कोटेशनात चिकटवणं म्हणजे एओएलच्या आकड्यांबाबत झालेलीच चूक पुन्हा करणं. सर्च कन्सोलमध्ये सारांशातली इंप्रेशन वेगळी काढून मिळत नाहीत, ती एकूण बेरजेतच मिसळलेली असतात.

त्यामुळे आपला सीटीआर आपल्याच मागच्या सीटीआरशी ताडावा, तोही शब्दांची वर्गवारी करून: नाव घेऊन शोधणारे वेगळे, खरेदीला निघालेले वेगळे, नुसती माहिती विचारणारे वेगळे. मराठीत लिहिलेले आणि रोमन अक्षरांत लिहिलेले शोधही वेगळे काढावेत, कारण दोघांना दिसणारं पान अनेकदा निराळं असतं. मात्र अशी तुलना करताना एक तारीख सांभाळावी लागते. सप्टेंबर २०२५मध्ये गुगलने एकाच पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. क्रमांक तपासणारी सॉफ्टवेअर ती सोय वापरत आणि त्यांच्या फेऱ्यांमुळे पन्नासाव्या-नव्वदाव्या जागेवरच्या लिंकांनाही इंप्रेशन पडत. ती थांबल्यावर अनेक साइटची इंप्रेशन घटली, सरासरी क्रमांक सुधारला आणि एकही क्लिक न वाढता सीटीआर चढला. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास हा चढ दाखवून काम वाढवून मागणारे अहवाल आले असतील, तर ते परत उघडून सप्टेंबर २०२५वर उभी रेघ मारावी आणि रेघेच्या दोन्ही बाजूंची तुलना फक्त क्लिकच्या संख्येवर करावी.